गाणाऱ्या कैद्याचे पुढे काय?

१३ जानेवारी १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात जॉनी कॅश हे अमेरिकी गायक कैद्यांसमोर दोनदा गायले. त्या मैफलींची ध्वनिमुद्रिका जगभर गाजली. तिच्या पहिल्याच गाण्यात खुनाचा उल्लेख येतो आणि जल्लोष ऐकू येतो. तो नंतर स्टुडिओत जोडलेला आहे. पहारेकऱ्यांच्या नजरेखाली बसलेल्या कैद्यांनी त्या ओळीला तशी दाद दिलीच नव्हती. बाहेरच्या श्रोत्यांना कैदी जसा हवा होता, तसा तो बनवून विकला गेला.

त्याच दिवशी पहिल्या रांगेत ग्लेन शर्ली बसला होता, सशस्त्र दरोड्याची शिक्षा भोगत असलेला. तुरुंगातल्या प्रार्थनाघरावर त्याने रचलेले गाणे एका पाद्र्याने आदल्या रात्री कॅश यांना ऐकवले. त्यांनी ते रातोरात बसवले आणि दुसऱ्या दिवशी शर्लीचे नाव घेऊन गायले. कॅश यांचे मोठेपण आम्हाला इथे दिसते. १९७१ मध्ये शर्ली सुटला तेव्हा ते त्याला न्यायला गेले, त्याला आपल्या ताफ्यात घेतले. पुढच्या वर्षी दोघांनी सिनेटच्या उपसमितीपुढे तुरुंगसुधारणेवर साक्ष दिली. पण उमेदीची वर्षे गजांआड काढलेल्या माणसाला बाहेरचे आयुष्य पेलले नाही. ताफा सुटला, आणि १९७८ मध्ये शर्लीने आत्महत्या केली. सॅन क्वेन्टिनच्या तुरुंगात कॅश यांना ऐकलेला मर्ल हॅगार्ड पुढे नामवंत गायक झाला, हे कौतुकाने सांगितले जाते. शर्लीचेही सांगितले पाहिजे.

अमेरिकेतल्याच मिसिसिपीच्या तुरुंगात लाकडे फोडताना जेम्स कार्टर आणि साथीदार या कैद्यांनी म्हटलेले गाणे लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केले. २००० साली ते एका चित्रपटात आले, त्यानंतर कार्टरना शोधून काढून त्यांच्या हाती २० हजार डॉलरचा धनादेश देण्यात आला. चार दशकांनी का होईना, गाण्याचा धनी सापडला.

आपल्याकडेही सणावाराला कलाकार तुरुंगात जातात, बंद्यांची भजने होतात. ते जरूर व्हावे. मात्र देशातील सुमारे तीन चतुर्थांश कैदी न्यायाधीन आहेत. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही. त्यांच्यापुढे पश्चात्तापाची गाणी गाणे शोभत नाही. कैद्यांवर विश्वास टाकण्याचा प्रयोगही आपल्याकडे झाला आहे: औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवून कैद्यांना कुलपाविना शेतीवर ठेवले. त्यावरून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट आला. त्यातली प्रार्थना शाळाशाळांत पोहोचली, तो प्रयोग मात्र तितका पसरला नाही.

म्हणून कारागृह विभागाकडे आमची मागणी आहे: पाहुण्यांच्या मैफलीवर न थांबता मध्यवर्ती कारागृहांत कायम संगीतशिक्षक नेमा. पेटी, तबला, मृदंग कार्यक्रमापुरते बाहेर न काढता रोजच्या रियाजाला द्या. बंद्याने रचलेल्या गाण्यावर त्याच्या संमतीने त्याचे नाव घाला. उत्पन्न आले तर ते त्याच्या खात्यात जमा करा. आणि सुटकेनंतर निदान वर्षभर काम, निवारा आणि हक्काने भेटायला जाता येईल असा समुपदेशक मिळावा, यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करा.