भेटींची यादी आणि सहीची फाइल



आपल्या देशाच्या राष्ट्रपतींचा आठवडा कसा जातो हे पाहायचे असेल, तर फार खटपट करावी लागत नाही. त्यांच्या कार्यक्रमांची माहिती राष्ट्रपती भवनाकडूनच जाहीर होते. एक दिवस नव्या राजदूतांची अधिकारपत्रे स्वीकारायची, एक दिवस कुठल्याशा विद्यापीठात पदवीदान. प्रशिक्षण घेणाऱ्या अधिकाऱ्यांची तुकडी भेटीला येते, एखादे राज्यपाल येतात, परदेशी पाहुण्यांसाठी मेजवानी असते. शनिवारी सकाळी पहारा बदलण्याचा सोहळा होतो, तो लोकांनाही पाहता येतो. मार्चमध्ये महिला दिनाच्या सुमारास एखादा कार्यक्रम होतो आणि त्याचे फोटो छापून येतात.

या यादीचे आपल्याला काय, असे कुणी विचारील. रेशन, पाणी, मारहाण, पोलीस चौकी यांतून आपल्याला सवड कुठे असते! पण ही यादी एकदा नीट वाचावी. यादीत जे असते ते दिसण्यासाठी असते. आपल्या आयुष्यावर ज्याचा परिणाम होतो ते काम मात्र टेबलावरच्या फाइलींत चालते. विधेयकावर सही, अध्यादेशावर सही, दयेच्या अर्जावर निर्णय. या कामाला ना दिवस ठरलेला, ना वेळ. भेटीची वेळ मिनिटामिनिटाने आखलेली असते, पण फाइल कधी हलेल हे कुणी सांगत नाही.

दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहू. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली. तिने अवघ्या २९ दिवसांत, २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. १ फेब्रुवारीला मंत्रिमंडळाने अध्यादेश मंजूर केला. विवाहांतर्गत बलात्कार, सैन्यदलांना मिळणारे संरक्षण अशा विषयांवरच्या समितीच्या शिफारशी त्यात गाळल्या होत्या. देशातल्या स्त्री-संघटनांनी राष्ट्रपतींना जाहीर विनंती केली, की यावर सही करू नका. ३ फेब्रुवारीला, म्हणजे रविवारी, सही झाली. मंत्रिमंडळाच्या निर्णयापासून सहीपर्यंत दोन दिवस!

आता आपल्या राज्यातले पाहा. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या दोन बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. त्यांचे दयेचे अर्ज राज्यपाल, गृहखाते, राष्ट्रपती अशी वाट चालत २०१४ मध्ये फेटाळले गेले. अर्जांवरच्या निर्णयाला यंत्रणेने सात वर्षांहून अधिक काळ लावला, या कारणाने मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. गुन्हा भयंकर होता, त्याबद्दल दुमत नाही. पण मुले गमावलेल्या आयांना आणि त्या दोन कैदी बायकांनाही इतकी वर्षे टांगून ठेवण्याचा अधिकार कुणाला? दिल्लीच्या पातळीवर तर याहून विचित्र घडले आहे. २०१२ मध्ये ज्यांची फाशी जन्मठेपेत बदलली, त्यांतला एक कैदी २००७ मध्येच तुरुंगात मरण पावला होता. मेलेल्या माणसाला दया मिळाली आणि फाइलीला त्याचा पत्ताही नव्हता.

राज्याच्या विधेयकांचेही तेच. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केले आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेले. त्यातल्या फाशीच्या तरतुदीला राज्यातल्या अनेक स्त्री-संघटनांचा विरोध होता. फाशीच्या भीतीने बाई तक्रारच करणार नाही, विशेषतः गुन्हेगार घरातला असला तर, हे आपण अनुभवाने सांगत होतो. म्हणजे विधेयक अडले याचे दुःख सगळ्यांनाच झाले असे नाही. पण ‘हो’ नाही आणि ‘नाही’ही नाही, अशा अवस्थेत वर्षे गेली. नकार मिळाला असता, तर त्याची कारणे घेऊन नव्याने चर्चा करता आली असती. मौनाशी वाद कसा घालायचा?

इथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. राष्ट्रपती बिचारे काय करणार, त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे लागते. हे खरे आहे, आणि ते तसेच असावे. १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या वेळी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा त्या बिलाला विरोध होता, आणि आपण स्वतःच्या विवेकाने निर्णय घेऊ असे त्यांनी पंतप्रधानांना कळवले होते. तसे चालले असते, तर बायकांच्या हक्कांचे काय झाले असते? ते विधेयक रखडले, बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे १९५५ मध्ये विवाहाचा आणि १९५६ मध्ये वारसाहक्काचा कायदा झाला, तेव्हा सही राजेंद्रप्रसादांनीच केली. निवडून आलेल्या सरकारपेक्षा राष्ट्रपतींची मर्जी मोठी असावी, असे आपल्याला म्हणायचेच नाही.

पण सल्ल्याने वागणे म्हणजे मुकाट्याने वागणे नव्हे. मंत्रिमंडळाचा सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवण्याची मुभा घटनेने दिली आहे. के. आर. नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली होती. डॉ. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांविषयीचे विधेयक परत पाठवले होते. प्रश्न विचारायला घटना आडवी येत नाही. २०१३ च्या त्या रविवारी तो विचारला गेला असता, तर काय बिघडले असते?

मग बाईच त्या जागी असली तर? २००७ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या प्रतिभाताई पाटील पहिल्या स्त्री राष्ट्रपती झाल्या. २०२२ मध्ये संथाळ समाजातल्या द्रौपदी मुर्मू त्या पदावर आल्या. याचा आनंद आपल्याला झाला आणि तो खोटा नव्हता. वस्तीतल्या शाळकरी मुलीने भिंतीवरच्या तसबिरीत आपल्यासारखा चेहरा पाहावा, याला किंमत आहे. महिला आरक्षणाच्या विधेयकावर २८ सप्टेंबर २०२३ रोजी सही झाली ती एका आदिवासी स्त्रीची. पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच आरक्षण लागू होईल, ही अट त्याच कागदात होती. सही बाईची असली तरी मजकूर लिहिणारे हात वेगळे होते. खुर्चीवर कोण आहे याइतकेच, तिच्यासमोर कागद कोण ठेवते हेही आपण पाहायला हवे.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू या. आपण शिष्टमंडळ घेऊन जातो. वेळ मिळावी म्हणून महिनोन्‌महिने पत्रे लिहितो. दहा मिनिटे मिळतात, निवेदन देतो, फोटो निघतो. ते निवेदन बहुधा संबंधित मंत्रालयाकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ जाते, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच दारी! आपण परत येऊन बैठकीत फोटो दाखवतो आणि विषय मिटतो. भेट हा कामाचा शेवट झाला, की आपणही त्या यादीतली एक ओळ होऊन जातो.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. आपण तारखा मागू या. मंत्रिमंडळाने काय सल्ला दिला, हे घटनेनुसार न्यायालयालाही विचारता येत नाही. पण फाइल कोणत्या दिवशी आली, कोणत्या मंत्रालयाकडे गेली, कधी परतली, हे विचारायला हरकत नसावी. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा राष्ट्रपती सचिवालयालाही लागू आहे. राष्ट्रपतींवर मुदतीचे बंधन घालता येणार नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. न्यायालयाची मुदत नाही म्हटल्यावर लोकांचे लक्ष हीच मुदत. प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तरी गटाने एकेक प्रश्न वाटून घ्यावा. प्रलंबित विधेयक, कुणा कैदी बाईचा दयेचा अर्ज, आपण दिलेले जुने निवेदन. दर तीन महिन्यांनी तारखा विचाराव्यात आणि आलेले उत्तर, न आलेले उत्तरही, आम्हाला कळवावे. ते याच पानांवर छापू.

राष्ट्रपतींचा दौरा आपल्या जिल्ह्यात येतो, तेव्हा रस्ते डांबरी होतात, आशाताई आणि बचत गटाच्या बायका सकाळपासून मांडवात बसवल्या जातात, ओवाळायला कोण आणि पहिल्या रांगेत कोण हे ठरते. पुढच्या वेळी मांडवात जरूर बसू. पण जाताना पदरात तारखांची चिठ्ठी बांधून जाऊ, आणि संधी मिळताच विचारू: बाई, तुमच्या टेबलावरचा आमचा कागद कुठवर आला?