विश्लेषण : श्रेणी एकच, नाणेही सारखेच, मग हिरव्या स्टिकरला जास्त पैसे का?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत १८८१ साली पाडलेली चांदीची दोन ‘मॉर्गन डॉलर’ नाणी शेजारी शेजारी ठेवली आहेत, असे समजा. दोन्ही पारदर्शक प्लास्टिकच्या बंद डब्यांत आहेत. दोन्ही डब्यांवर एकाच संस्थेचे लेबल आणि ‘एमएस-६५’ ही एकच श्रेणी. फरक इतकाच, की एका डब्यावर छोटासा हिरवा स्टिकर आहे. संग्राहक त्याला ‘बीन’, म्हणजे घेवड्याचा दाणा म्हणतात. लिलावात हे स्टिकरवाले नाणे बहुधा जास्त भावाने जाते. चांदी दोन्हींत तेवढीच, साल तेच, टांकसाळही तीच. हा जादा पैसा नाण्याबद्दल कोणीतरी दिलेल्या मताचा असतो. आणि असे प्रत्येक मत पैसे मोजण्याच्या लायकीचे नसते.

डबा आला कुठून?

नाण्याला १ ते ७० गुण देण्याची पद्धत विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये मांडली. तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटांची किंमत ठरवण्यासाठी ती होती. पुढे ती सगळ्याच नाण्यांना लागू झाली. (याच शेल्डन महाशयांनी न्यूयॉर्कच्या एका नामांकित संग्रहातील चांगली नाणी उचलून त्या जागी आपली हलकी नाणी ठेवली होती, हे पुढे उघड झाले. विश्वासावर उभ्या असलेल्या बाजाराचा पाया असा आहे.)

गुण देणार कोण, हा मात्र प्रश्न राहिला. व्यापारी विकताना नाण्याला ‘अप्रतिम’ म्हणत आणि तेच नाणे परत विकायला नेले, की त्याच्यावर ओरखडे दिसू लागत. यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये ‘पीसीजीएस’ आणि १९८७ मध्ये ‘एनजीसी’ या संस्थांचे काम सुरू झाले. नाणे खरे आहे का ते तपासायचे, श्रेणी द्यायची, डब्यात बंद करायचे आणि अटींसह त्याची हमी घ्यायची, अशी ही पद्धत. त्यामुळे नाणे हातात न घेताही सौदा होऊ लागला. ६४ आणि ६५ यांतला एका गुणाचा फरक काही नाण्यांच्या किमतीत कित्येक पटींचा असतो.

गोची इथेच झाली. आपल्याकडच्या दागिन्यांवरचा हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो आणि ती मोजता येते. नाण्याची श्रेणी अशी मोजता येत नाही. चकाकी, ठसा किती ठसठशीत उठला आहे, ओरखडे कुठे आहेत, हे माणूस काही क्षणांत डोळ्यांनी पाहतो आणि मत देतो. मग व्यापाऱ्यांनी डबे फोडून तेच नाणे पुन्हा पुन्हा तपासायला पाठवण्याचा उद्योग सुरू केला. दहा वेळा ६४ मिळाले आणि अकराव्यांदा ६५ मिळाले, तर बाजारात पोहोचते ते अकरावे मत.

मग स्टिकर कशासाठी?

एकाच ६५ मध्ये भक्कम नाणी असतात, तशी काठावर पास झालेलीही असतात. ही निवड करण्यासाठी जॉन अल्बानीज यांनी २००७ मध्ये ‘सीएसी’ ही संस्था काढली. ‘एनजीसी’ची स्थापनाही त्यांचीच. डब्यातले नाणे पुन्हा पाहायचे. ते श्रेणीला साजेसे भक्कम असेल तर हिरवा स्टिकर, श्रेणीपेक्षा सरस असेल तर सोनेरी, आणि काठावरचे असेल तर काहीच नाही.

स्टिकर लावणे काही अवघड नाही. ‘सीएसी’चे वेगळेपण असे, की आपण स्टिकर लावलेली नाणी विकत घेण्यासाठी ती स्वतः बाजारात बोली लावून असते. मत चुकले तर झळ मत देणाऱ्यालाच बसते. जादा पैसे मोजण्याचे समर्थनीय कारण मला तरी हेच वाटते. २०१३ मध्ये एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकल्या गेलेल्या १७९४ च्या डॉलरच्या डब्यावरही हा स्टिकर होता.

अर्थात, ‘सीएसी’ने २०२३ पासून स्वतःचेही डबे काढले आहेत. कालचा पंच आता खेळाडूही झाला, तेव्हा त्याच्या शिट्टीकडे थोडे अधिक लक्ष ठेवावे लागेल.

जुना डबाही महाग कसा?

‘पीसीजीएस’च्या सुरुवातीच्या डब्यांत नाणे सैल बसे आणि हलवले की खुळखुळे. त्यांना ‘रॅटलर’ म्हणतात. त्यानंतरचे हिरव्या लेबलचे डबेही असेच प्रिय आहेत. त्या काळी श्रेणी देताना हात आखडता असे, आज तेच नाणे एखादा गुण जास्त मिळवेल, असा हिशेब त्यामागे असतो. सोनेरी स्टिकर बरेचदा अशा जुन्या डब्यांवरच दिसतो. गंमत अशी, की तो मिळाल्यावर मालक डबा फोडायला तयार होत नाही, कारण आता तो डबाच संग्रहाची वस्तू झालेला असतो.

नव्या नाण्यांवरची लेबले

खिशाला खरी चाट इथे बसते. अमेरिकेच्या ‘सिल्व्हर ईगल’ या एक औंस चांदीच्या नाण्याची काही वर्षांत चार कोटींहून अधिक नगे निघाली आहेत. त्यावर ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीझेस’ असे लेबल लावून जादा पैसे घेतले जातात. नावावरून वाटते, की ही साच्यातून निघालेली पहिली नाणी. प्रत्यक्षात अट असते ती नाणे विक्रीला आल्यापासून साधारण ३० दिवसांत पोहोचल्याची. नाणी कोणत्या क्रमाने पाडली याची नोंद आपण ठेवत नाही, असे अमेरिकी टांकसाळीनेच सांगितले आहे. सही केलेल्या लेबलांचेही तेच. सही लेबलवर असते, नाण्यावर नव्हे. ‘७०’ गुण मिळालेल्या नव्या नाण्यांची संख्या तर दर महिन्याला वाढू शकते. १८८१ चे नाणे आता कोणी नव्याने पाडणार नाही.

भारतातील संग्राहकांनी काय पाहावे?

ब्रिटिश काळातील रुपयेही अशा डब्यांत विकले जातात. पण बनावट नाण्यांसारखे बनावट डबेही निघतात आणि त्यांवर खऱ्या डब्याचा क्रमांक छापलेला असतो. म्हणून संस्थेच्या संकेतस्थळावर नुसता क्रमांक टाकून थांबू नये. तिथे छायाचित्र असेल तर ओरखडा न् ओरखडा हातातल्या नाण्याशी जुळवून पाहावा.

आपल्याकडे तर डब्याशिवायही फसवणूक होते. जुनी नाणी-नोटा लाखोंना घेतो, असे सांगून आधी ‘शुल्क’ किंवा ‘कमिशन’ मागणाऱ्यांबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये इशारा दिला होता. आपले नाव आणि बोधचिन्ह वापरले जात असले, तरी अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, हेही बँकेने स्पष्ट केले होते.

श्रेणीसाठी नाणे परदेशी पाठवण्याचा विचार असेल, तर त्याचे वय आधी पाहावे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. आजोबांच्या पेटीत सापडलेला राणी छाप रुपया अमेरिकेला कुरियर करण्याचा बेत तिथेच अडतो.