शेंगा आणि पाण्याचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शेतीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण जमाखर्चाच्या वहीत ज्याची नोंद नाही तो खर्चच नव्हे, असे मानण्याची चूक आपल्या बेळगाव भागातल्या शेतांत रोज घडते. तो खर्च म्हणजे पाणी.

उन्हाळी भुईमूगच घ्या. (या अंकाच्या मराठी विभागात काय आणि कानडी विभागात काय, 'शेंगा' म्हटले की पुरे!) एका एकरावर सहा सेंटिमीटर पाणी दिले, तर एका पाळीला सुमारे २ लाख ४० हजार लिटर लागते. अशी एक पाळी वाचली तरी ती लहान बचत नव्हे.

मग कोणती पाळी वाचवायची? उगवण नीट झाल्यावर, फुले येण्यापूर्वी, पिकाला थोडा ताण द्यावा. हैदराबादजवळ पटनचेरू येथे इक्रिसॅट संस्थेने १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, या काळातील ताणाने उत्पन्न घटत नाही, कधी वाढतेही, असे दिसून आले. मात्र फुलोरा, आऱ्या सुटणे आणि दाणे भरणे या काळात कसूर नको. कोरड्या, कठीण मातीत आऱ्या शिरतच नाहीत. म्हणजे प्रत्येक पाळी सारख्या मोलाची नसते. सीमांत उत्पादनाचा धडा आम्ही वर्गात पाठ करतो, तो येथे मातीत दिसतो.

मग शेतकरी असे का करीत नाही? कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, म्हणून तो उधळ्या झाला, असे म्हणतात. मी घरी वेगळेच पाहतो. रात्री वीज आली की वडील बॅटरी घेऊन मळ्याकडे निघतात. एकदा मी म्हटले, "आप्पा, आज पाणी नको पिकाला." ते म्हणाले, "आज नको, खरं हाय. पण पायजे त्या दिवशी लाईट येतीय म्हणून तू लिहून देतोस काय?" माझ्या पुस्तकात याचे उत्तर नव्हते.

म्हणून माझे मत असे की, शेतकऱ्याला दोष देण्याआधी त्याला विजेची खात्री द्यावी. फुलोऱ्यापासून दाणे भरेपर्यंत ठरल्या दिवशी वीज मिळाली, तर नको असलेली पाळी तो आपण होऊन सोडील. आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो. तेव्हा उत्पन्न घटवून पाणी वाचवणे परवडणारे नाही.

आणि आपण विद्यार्थ्यांनी? सुटीत घरी गेल्यावर एक वही घालावी: किती पाळ्या दिल्या, पीक कोणत्या अवस्थेत असताना दिल्या, शेंगा किती पोती निघाल्या. पाण्याचे खाते उघडल्याशिवाय शेतीचा ताळेबंद जुळणार नाही.