डाव मोडायचा, पुन्हा मांडायचा

जुन्या रॉक बँडांचं म्हातारपण हल्ली मजेत चाललं आहे. पन्नास वर्षांपूर्वीची गाणी रेकॉर्डवर आहेत तशीच्या तशी, महागड्या तिकिटांवर वाजवायची. मूळ मंडळींपैकी एखादाच मंचावर असला तरी चालतं. पाटीवरचं नाव जुनं असलं की झालं. किंग क्रिमसन या इंग्लिश बँडला मात्र चालतं दुकान बंद करायची खोडच होती, आणि त्याचं संगीत टिकलं ते या खोडीमुळेच.

जानेवारी 1969 मध्ये लंडनच्या एका कॅफेच्या तळघरात तालमी सुरू झाल्या. 5 जुलैला हाइड पार्कमध्ये, रोलिंग स्टोन्सच्या फुकट मैफलीत, ही नवखी पोरं लाखोंच्या गर्दीपुढे वाजवून गेली. ऑक्टोबरात ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’ आला आणि ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढला. मुखपृष्ठावरचा किंचाळणारा लालबुंद चेहरा रंगवला होता बॅरी गॉडबर या संगणक प्रोग्रामरने. काही महिन्यांतच, वयाच्या 24 व्या वर्षी तो गेला.

या अल्बमवर व्हायोलिनांचा ताफा वाजतोय असं वाटतं, पण तो आवाज मेलोट्रॉनचा. दिसायला पियानोचा धाकटा भाऊ. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एकेक तुकडा आणि त्यावर खऱ्या वाद्याचा एकच सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते, सोडली की स्प्रिंगने मागे जाते. फीत जेमतेम आठ सेकंदांची. त्यापुढे बोट कितीही दाबून धरलं तरी खोकं गप्प. वीजदाब हलला की सूरही हलायचा. प्रोग्रेसिव्ह रॉकचा सगळा भव्य थाट अशा लहरी यंत्रावर उभा होता!

त्याच डिसेंबरात, अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच, बँडमधल्या इयन मॅकडोनाल्ड आणि मायकल जाइल्स यांनी निघून जायचं ठरवलं. तुम्ही राहा, हवं तर मी जातो, असं गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने सुचवून पाहिलं. ते गेलेच. पाठोपाठ गायक ग्रेग लेकही गेला. पुढची दोन वर्षं नुसती ये-जा. मनासारखा बासवादक मिळेना, तेव्हा गायक म्हणून घेतलेल्या बॉझ बरेलच्याच हातात बास देऊन त्याला शिकवलं. हाच बॉझ पुढे बॅड कंपनीचा बासवादक म्हणून गाजला.

1972 मध्ये बिल ब्रुफर्डने ‘यस’ हा ऐन भरात असलेला बँड सोडून फ्रिपचा रस्ता धरला. सोबत जेमी म्युइर होता, पत्रे नि साखळ्या बडवणारा. तो काही महिन्यांतच स्कॉटलंडच्या बौद्ध मठात निघून गेला. उरलेल्यांनी 1974 मध्ये ‘रेड’ केला. हा या बँडचा सर्वांत दमदार अल्बम. तो दुकानात पोचायच्या आत फ्रिपने बँड संपल्याचं जाहीर केलं होतं. व्यवहाराच्या भाषेत हा शुद्ध वेडेपणा. पण 1975 साली ‘रेड’ची दुसरी आवृत्ती काढत बसलेला किंग क्रिमसन कुणाला हवा होता?

सात वर्षांनी, 1981 मध्ये, फ्रिपने डाव पुन्हा मांडला. नाव तेच होतं. बाकी सगळं वेगळं. एड्रियन बेल्यू आणि टोनी लेव्हिन हे दोन अमेरिकन आले, मेलोट्रॉन गेला, इंडोनेशियाच्या गॅमेलान वाद्यवृंदाची सावली पडली. ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्ये एक गिटार साताच्या दोन आवर्तनांत 14 सूर वाजवते, दुसरी त्यातला एक गाळून 13 वर फिरते. दोघी एकेक पाऊल मागेपुढे होत लांब जातात आणि पुन्हा एकत्र येतात. तबल्याला कान सरावलेल्या माणसाला त्या भेटीचा आनंद वेगळा सांगावा लागत नाही.

2014 मध्ये पुन्हा मांडलेला शेवटचा संसार मात्र वादाचा. तीन ड्रमसेट मंचाच्या पुढच्या रांगेत, गिटारवाले मागे चौथऱ्यावर. ही मांडणी ताजी होती, पण वाजवलेलं बरंचसं जुनं. म्हणजे फ्रिपही अखेर आठवणींच्या बाजारात बसला? थोडा बसलाच. तरी तीन ड्रमवाल्यांनी वाटून घेतलेलं 1969 चं गाणं म्हणजे रेकॉर्डची नक्कल नव्हे, हेही खरं.

8 डिसेंबर 2021 ला टोकियोत शेवटचा कार्यक्रम झाला. त्या काळातल्या कार्यक्रमांत फोटोला सक्त मनाई असे. शेवटी टोनी लेव्हिन बास बाजूला ठेवून स्वतःचा कॅमेरा उचलायचा आणि प्रेक्षकांचे फोटो काढायचा. तेवढ्या मिनिटापुरते प्रेक्षकांचे मोबाइल खिशातून बाहेर यायचे.