आमच्या दुपारचा सैतान

गेल्या दिवाळीत मुलाचे शाळेतले मित्र घरी जमले होते. फराळ करता करता गप्पा नव्वदच्या दशकातल्या टीव्ही गेमवर आल्या. मारिओ, काँट्रा, रणगाडे! कॅसेटमध्ये फुंकर कोण मारायचं, कुणाचा अ‍ॅडॉप्टर तापायचा... मी चकल्या वाढता वाढता म्हटलं, "आणि आमचा डेव्हिल वर्ल्ड?" सगळे गप्प. मग चिरंजीव म्हणाले, "आई, तू कधी खेळायचीस?"

खेळायचे की! तू शाळेत असायचास तेव्हा.

१९९६ साली आमच्याकडे तो गेम आला. यंत्र म्हणजे निन्टेंडोची नक्कल. कॅसेटवर भलामोठा आकडा आणि आत फिरून फिरून तेच तीस-चाळीस गेम. दुपारी ओटा आवरला की मी बसायचे. मारिओ काही जमला नाही. उडी मीच मारायचे, तो आपला खड्ड्यात!

डेव्हिल वर्ल्ड १९८४ चा, पॅकमॅनची सरळसरळ नक्कल. तेच बोळ, तेच ठिपके खाणं. मूळचा पॅकमॅन १९८० चा. तो बनवणाऱ्या तोरू इवातानींना बायकाही गेम खेळायला याव्यात असं वाटत होतं, म्हणून त्यांनी खाण्याचा विषय घेतला म्हणे. (रांधणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, आयतं खाणं!)

पण नक्कल करणारेही साधे नव्हते. मारिओवाले शिगेरू मियामोतोच ते. त्यांनी वर एक सैतान बसवला. तो हात दाखवेल तिकडे अख्खी पाटीच सरकायची. आपलं हिरवं ड्रॅगनचं पिल्लू भिंत आणि कडेच्या मध्ये सापडलं की चेंगरलंच. शिवाय हातात क्रॉस असेल तोवरच ठिपके खाता यायचे. आपण निवांत खातोय आणि घर दुसराच कुणीतरी हलवतोय, हे मला फारच ओळखीचं वाटलं. क्रॉस आणि बायबलमुळेच हा गेम त्या काळी अमेरिकेत काढला नाही.

त्याच वर्षी मामंजी गेले होते. सासूबाई दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या. जेवण झालं का, तर हूं. औषध घेतलं का, तर हूं. एका दुपारी मागून एकदम आवाज आला, "अगं, डावीकडची भिंत येतेय, पळव त्याला!" मी इतकी दचकले की पिल्लू गेलंच. दुसऱ्या दिवशी मी दुसरा रिमोट त्यांच्या हातात दिला. हिरवं माझं, लाल त्यांचं. भूत जाळलं की त्याचं तळलेलं अंडं व्हायचं, ते खाल्लं की गुण. आमच्या घरात अंडं चालत नाही. सासूबाई टीव्हीवरच्या अंड्यालाही वळसा घालून जायच्या, मग भले सैतान चिरडो. आम्ही दोघी अशा हसायचो की शेजारच्या काकू खिडकीत यायच्या. हळूहळू खेळता खेळता त्या मामंजींबद्दल बोलायला लागल्या. समोरासमोर बसून ते कधी जमलं नसतं.

म्हणून मला राग येतो, मैत्रिणींनो. जुन्या गेमच्या आठवणी निघाल्या की त्यात फक्त शाळेतून सुटलेली मुलं असतात. दुपारी दार लोटून खेळणाऱ्या आम्ही कुठेच नाही. आणि आमचा गेमही नाही, कारण काय तर नक्कल! आपण शेजारणीकडून लोणच्याची कृती घेतो, मेथी थोडी वाढवतो. मग ते लोणचं कुणाचं?

मुलाला हे सगळं सांगितलं. "आजी खेळायची?" एवढंच तो तीनदा म्हणाला. पुढच्या दिवाळीत चकल्या त्याने वाढाव्यात. मी बसून सांगणार आहे.