वॉर्डातली सुरी आणि डॉक्टरांची सुरक्षा

जानेवारी २०२३ मध्ये यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका दाखल रुग्णाने फळे कापायच्या सुरीने हल्ला केला. दोन निवासी डॉक्टर जखमी झाले. निवासी डॉक्टरांनी संप पुकारला.

राज्याच्या २०१० च्या कायद्यानुसार असा हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा कामी येतो तो हल्ल्यानंतर. त्याआधी नातेवाइकांची मदत होते.

प्रत्येक हल्ल्यामागे आजार नसतो. तरी तीव्र ताप, दारू अचानक बंद होणे, रक्तातील सोडियम किंवा ऑक्सिजन घटणे यांमुळे रुग्ण भ्रमात जाऊन आक्रमक होऊ शकतो. तो असंबद्ध बोलू लागला, विनाकारण संशय घेऊ लागला, तर लगेच नर्सला सांगा. वॉर्डात सुरी ठेवू नका. केळी, संत्री आणा.