हद्द कुणाची?

दिवाळी झाली की शिरपूर-साक्रीकडच्या आदिवासी टोळ्या ऊसतोडीला गुजरातेत निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'; उचल मात्र नवऱ्याच्या हाती. फडावर त्याने मारले तर तिने जायचे कुठे? ती वेगळी झाली तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते. म्हणून मुकादमच तिची 'समजूत' घालतो. तिथल्या ठाण्यात गेली तर उत्तर मिळते, तुझ्या गावी तक्रार कर. गावी आल्यावर ऐकायचे, गुन्हा गुजरातेतला!

हे अज्ञान की सोय? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे कलम २७ सांगते : बाई तात्पुरती राहते किंवा काम करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो, आणि आदेश देशभर लागू होतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेनेही हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची फिर्याद नोंदवणे ठाण्यावर बंधनकारक केले आहे. मग संरक्षण अधिकारी कचेरीत बसून कुणाची वाट पाहतात? टोळी निघण्याआधी त्यांनी पाड्यावर गेले पाहिजे, आणि गुजरातच्या अधिकाऱ्यांनी पडावावर.

आणि मैत्रिणींनो, आपण तरी काय करतो? ८ मार्चला धुळ्या-जळगावात मेळावे घेतो, तेव्हा या बायका फडात असतात. यंदाची पहिली बैठक पावसाळ्यात, पाड्यावर घ्या.